कोकणातून बीरशेबाकडे : बेने इस्रायलांचे स्थलांतर आणि दोन राष्ट्रांचे संबंध

(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

परदेशी जाऊन स्थायिक झालेल्या माणसाचे आपल्या मूळ देशाशी काय नाते उरते, हा प्रश्न आपल्या क्रमिक पुस्तकांत 'नागरिकत्व' या प्रकरणातील दोन-चार ओळींत संपतो. जन्माने नागरिकत्व, वंशाने नागरिकत्व, नोंदणीने नागरिकत्व आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारले की पहिले संपुष्टात. परीक्षेपुरते एवढे ज्ञान पुरते. परंतु कागद बदलला म्हणून माणसाची भाषा बदलत नाही, जेवणाची चव बदलत नाही, मागे राहिलेला भाऊ परका होत नाही. मग राज्यसंस्थेने अशा माणसाला कोणत्या खात्यात मांडावे?

निरनिराळ्या देशांनी याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाचेच उदाहरण घ्या. हिंसाचाराला आणि गरिबीला कंटाळून तेथील लाखो लोक व्हेनेझुएला, अमेरिका, स्पेन या देशांत गेले. त्या देशाने १९९१ च्या राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्व मान्य केले. परदेशातील कोलंबियन माणूस आपल्या वकिलातीत जाऊन मत देऊ शकतो आणि तिथल्या कनिष्ठ सभागृहात परदेशस्थ नागरिकांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्वही आहे. आपला मार्ग नेमका उलटा. आपल्या राज्यघटनेचा नववा अनुच्छेद आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा यांनी दुहेरी नागरिकत्वाला दार बंद केले. हे योग्य की अयोग्य याची चर्चा करण्यापूर्वी आपल्या मराठी मुलखातून गेलेल्या एका समाजाची हकीकत पाहावी असे मला वाटले. ग्रंथालयातील काही पुस्तके चाळताना ती हाती लागली आणि मी तिच्यात गुंतून गेले.

आमच्या दुधनीच्या अडत बाजारात 'इस्रायल' हा शब्द ऐकू येतो तो ठिबक सिंचनाच्या संदर्भात. कमी पाण्यात शेती करणारा देश, एवढीच त्याची आमच्या भागातील ओळख. त्याच देशात बीरशेबा, डिमोना, अश्दोद, लोद या गावांमध्ये पेणकर, रोहेकर, झिराडकर, दिवेकर अशा आडनावांची कुटुंबे राहतात आणि त्यांच्या घरातील वडीलधारी माणसे मराठी बोलतात, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? हे लोक म्हणजे बेने इस्रायल. कोकणात, विशेषतः जुन्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, शेकडो वर्षे राहिलेले मराठी ज्यू.

त्यांची परंपरा अशी सांगते की, फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचाच पुढे वंशविस्तार झाला. हे नेमके केव्हा घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, आणि आपल्या विषयाला त्याची फारशी गरजही नाही. महत्त्वाचे हे की, या लोकांनी तेल गाळण्याचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' असे नाव दिले. शेजाऱ्यांचा धर्म वेगळा, यांचा वेगळा. पण त्यावरून कोणी कोणाचा छळ केल्याचे इतिहासात आढळत नाही. गावाच्या नावाला 'कर' लावून आडनावे झाली. स्त्रिया लुगडी नेसत. पुण्यात १८७४ साली छापलेल्या त्यांच्या एका मराठी धर्मग्रंथात, वल्हांडण सणाची बेखमिराची भाकरी करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्याच दाखविल्या आहेत. एलियाहू नबीच्या नावाने ते 'मलिदा' करतात. पोहे, नारळ, गूळ, फळे असे त्याचे साहित्य. म्हणजे विधी ज्यू धर्माचा आणि ताट कोकणचे.

इंग्रजी अमदानीत हा समाज मुंबईकडे सरकला. पलटणीत, कारकुनीत, टपाल खात्यात, रेल्वेत त्यांना नोकऱ्या मिळाल्या. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत होते आणि टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा काढली. गांधीजींच्या उपवासांच्या वेळी त्यांची प्रकृती पाहणाऱ्या डॉक्टरांत डॉ. अब्राहम एरुलकर होते. डॉ. एलिजा मोझेस हे १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झाले. संख्येने इतका लहान समाज, पण सार्वजनिक जीवनात त्याने आपली जागा केली होती. याच केहीमकरांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत १८९७ साली लिहून पूर्ण केला. तो छापून निघाला मात्र चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. माणसांच्या आधी त्यांचे पुस्तक तिकडे पोचले म्हणायचे!

आता मूळ प्रश्न. ज्यांना येथे कोणी त्रास दिला नाही, ते लोक गेले का?

युरोपातील ज्यूंसारखी यांच्यावर कत्तलीची पाळी आलेली नव्हती. १८९७ साली युरोपात झायोनवादी चळवळीची पहिली परिषद भरली, तेव्हा मुंबईच्या बेने इस्रायलांना बोलावणे आले होते. पण ते गेले नाहीत. आपल्याला पुण्यभूमीत नेणे हे ईश्वराचे काम, माणसांच्या परिषदेचे नव्हे, अशी त्यांची भावना होती. पुढील पन्नास वर्षांत चित्र पालटले. १९४७ मध्ये इंग्रज गेले. ज्या सरकारी नोकऱ्यांवर समाजाचा मध्यमवर्ग उभा होता, त्यांत यापुढे आपला टिकाव कितपत लागेल, अशी धास्ती निर्माण झाली. फाळणीच्या दंगलींनी अल्पसंख्याकांच्या मनात भय घातले. मे १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि जुलै १९५० मध्ये त्या राष्ट्राने 'परतीचा कायदा' केला. जगातील कोणत्याही ज्यू माणसाला तेथे येऊन स्थायिक होण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. धर्मश्रद्धा होतीच, तिला आता सोयीची वाट मिळाली. काही कुटुंबे भक्तीने गेली, काही भाकरीसाठी गेली, आणि बरीचशी आधी गेलेल्या नातेवाइकांच्या मागे गेली. स्थलांतराचे हे तिसरे कारण पुस्तकांत थोडक्यात आटोपतात, परंतु मला तेच सर्वांत बलवत्तर वाटते. आमच्या गल्लीतून पुण्याला गेलेली माणसेही अशीच एकामागून एक गेली आहेत.

१९५१ च्या जनगणनेत भारतातील सर्व ज्यूंची संख्या सव्वीस हजारांच्या वर होती. त्यांत बेने इस्रायल सर्वाधिक. कोचीनचे ज्यू आणि बगदादी ज्यू त्यामानाने थोडे. २०११ च्या जनगणनेत ही एकूण संख्या पाच हजारांच्याही आत आली. यावरून काय घडले याची कल्पना येईल. अलिबागेत 'इस्रायल आळी' हे नाव आहे, पण आळीतील बहुतेक घरांची माणसे निघून गेली.

दोन राष्ट्रांचे परस्परांशी संबंध कसे होते, हे येथे पाहिले पाहिजे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव आला, तेव्हा भारताने विरोधात मत दिले. धर्माच्या आधारावर देश तोडण्याचे दुःख आपण नुकतेच भोगले होते. अरब राष्ट्रांशी मैत्री आणि देशातील मुस्लिम समाजाची भावना हीही कारणे होती. सप्टेंबर १९५० मध्ये भारताने इस्रायलला मान्यता दिली. पण राजदूतांची देवाणघेवाण केली नाही. इस्रायलला फक्त मुंबईत एक वाणिज्य दूतावास उघडू दिला. दिल्लीत इस्रायलचा राजदूत नाही, तेल अवीवमध्ये भारताचा कोणीच नाही, अशी स्थिती पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ राहिली.

म्हणजे सरकारे एकमेकांशी बोलत नव्हती आणि माणसे मात्र एका देशातून दुसऱ्या देशात जात होती. जाणाऱ्यांना भारताने अडविले नाही, हे आपल्या देशाला भूषणावह आहे. पण गेलेल्यांची खबर घ्यायला तिकडे आपले कोणी नव्हते. ही उणीव लगेचच जाणवली.

पहिल्या काही तुकड्यांतील लोकांना बीरशेबाकडे, वाळवंटाच्या तोंडाशी पाठविण्यात आले. मुंबईत फळीवर बसून खाते लिहिणाऱ्या माणसाच्या हाती तेथे कुदळ आली. राहायला तात्पुरत्या झोपड्या, नवी भाषा, रेशनचे अन्न. नव्या राष्ट्रात हाल सर्वांचेच होते. पण त्या हालांतही वर्णभेद आहे अशी यांची तक्रार झाली. गोऱ्यांना पांढरा पाव आणि आम्हा काळ्यांना काळा पाव, अशा शब्दांत ती सांगितली गेल्याचे वाचायला मिळते. आमच्या सोलापूरकडच्या माणसाला यात प्रथम गंमत वाटेल. ज्वारीची कडक भाकरी महिनाभर पुरवून खाणारे आपण, पावाच्या रंगाचे काय घेऊन बसायचे? पण प्रश्न पावाचा नव्हता. कोणी काय खावे हे त्याच्या कातडीवरून कोणी तरी ठरवते, हे ध्यानात आल्यावर तो घास घशाखाली उतरत नाही. आपल्या देशात पंगतीतून उठविलेल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या लोकांनी १९५१-५२ मध्ये तेल अवीवला ज्यू एजन्सीच्या कचेरीपुढे बैठा सत्याग्रह केला. मागणी एकच : आम्हांला परत भारतात पाठवा. एजन्सीला नमते घ्यावे लागले. शंभराहून अधिक माणसांना तिच्याच खर्चाने मुंबईला परत आणले गेले आणि भारतानेही त्यांना येऊ दिले. या घटनेचा दुसरा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. परत आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना काही काळाने पुन्हा इस्रायललाच जावेसे वाटले, आणि पुढे ते गेलेही. येथील नोकरी सुटलेली, घर दुसऱ्याला दिलेले, निम्मे नातेवाईक तिकडे. असे लोक चंचल असतात, अशी टीका त्यांच्यावर झाली असणारच. मला ती अन्यायाची वाटते. दोन्हीकडे अर्धे अर्धे मूळ राहिलेल्या झाडाला वारा आला की ते हलणारच.

याहून मोठा प्रसंग पुढे यायचा होता.

इस्रायलमध्ये ज्यूंचा विवाह धर्मपीठाच्या अधिकाराखाली होतो. आपल्याकडील नोंदणी विवाहासारखी सोय तेथे नाही. साहजिकच कोणाचे लग्न लावायचे आणि कोणाचे नाही हे धर्मगुरूंच्या हाती असते. १९६० च्या सुमारास काही धर्मगुरूंनी बेने इस्रायल तरुण-तरुणींचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे असे : हा समाज शेकडो वर्षे इतर ज्यूंपासून तुटून राहिला. त्या काळात त्यांचे घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून? आणि तसे झाले नसतील तर त्या स्त्रियांच्या दुसऱ्या विवाहाची संतती शास्त्रशुद्ध कशी मानावी? १९६१ साली मुख्य धर्मपीठाने असा विवाह निषिद्ध नाही असा निर्वाळा दिला. परंतु १९६२ मध्ये मुख्य धर्मगुरू यित्झाक निसीम यांच्या काळात जी सूचनापत्रे निघाली, त्यांत अशी मेख होती की, अर्जदार बेने इस्रायल असल्यास त्याच्या आई-आजीपर्यंत आणि शक्य तितके मागे जाऊन कुळाची चौकशी करावी.

एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, अशातला हा प्रकार. ज्या समाजाने भारतात, हजारो जातींच्या गराड्यात राहून आपला शनिवार पाळला, त्याला ज्यूंच्याच देशात 'तुम्ही खरे ज्यू कशावरून?' असे विचारण्यात आले. दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांचे पुरावे गोळा करत तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविणारे माझे कितीतरी वर्गमित्र आहेत. त्या चौकशीचा अपमान त्यांना चांगला कळेल. आपल्याकडे निदान पुरावा मिळाला तर सवलत मिळते. तेथे पुरावा द्यायचा तो केवळ इतरांसारखे गणले जाण्यासाठी.

समाज स्वस्थ बसला नाही. सभा झाल्या, निवेदने गेली, मुंबईतील बेने इस्रायलांनीही निषेध नोंदविला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ज्यू एजन्सीच्या आवारात बायकामुलांसह ठिय्या देण्यात आला आणि तो बरेच दिवस चालला. ही रीत त्यांनी कोठून आणली हे भारतीय वाचकाला सांगायला नको. देशभरात चर्चा सुरू झाली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारला हस्तक्षेप करावा लागला. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेचे, म्हणजे क्नेसेटचे, खास अधिवेशन भरले. बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत भेद करता येणार नाही, असा ठराव तेथे झाला आणि धर्मपीठाने आपली सूचनापत्रे बदलावीत अशी अपेक्षा व्यक्त झाली. त्यानंतर काही दिवसांतच धर्मपीठाने सूचनापत्रातील समाजाचे नाव काढून टाकले. ज्यांच्याविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, असा सामान्य नियम ठेवला. म्हणजे पूर्ण विजय नव्हे. परंतु एका समाजाच्या कपाळावर मारलेला शिक्का पुसला गेला.

या लढ्यात भारत सरकार कोठे होते? कोठेच नव्हते, आणि राज्यशास्त्राच्या नियमाने असणे शक्यही नव्हते. ते लोक आता इस्रायलचे नागरिक होते. दुसऱ्या देशाच्या नागरिकाचा कैवार कोणत्या नात्याने घ्यायचा? शिवाय आपला वकीलही तेथे नव्हता. बेने इस्रायलांनी जे मिळविले ते स्वतः मिळविले. जुन्या देशाने त्यांना जी मदत केली ती एवढीच की, अन्यायापुढे बसून कसे राहायचे हे शिकवून पाठविले. माझ्या मते ही मदत लहान नव्हे. मात्र तिची नोंद कोणत्याही करारात होत नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या बीरशेबात आपली मराठी माणसे वसली, ते १९४८ पर्यंत अरबांचे गाव होते. युद्धात ते अरब विस्थापित झाले आणि त्यांतल्या पुष्कळांनी गाझाचा आश्रय घेतला. एकाच्या परतीचा कायदा दुसऱ्याला परत येऊ देत नाही. पेण-रोह्याहून गेलेल्या कुटुंबांनी कोणाला हाकलले नाही; त्यांना जेथे पाठविले तेथे ती गेली. तरीही ही वस्तुस्थिती नजरेआड करून बेने इस्रायलांवरील अन्यायाविषयी लिहिणे मला बरे वाटत नाही. भारताने दीर्घकाळ पॅलेस्टिनी जनतेची बाजू घेतली, १९८८ मध्ये पॅलेस्टाइन राष्ट्राला मान्यता दिली, त्यामागे हीच जाणीव होती. कोकणातल्या एका लहान समाजाच्या घरगुती गोष्टीला जगातील सर्वांत अवघड प्रश्नाचा असा धागा चिकटलेला आहे.

२९ जानेवारी १९९२ रोजी पंतप्रधान नरसिंह राव यांच्या सरकारने इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. सोव्हिएत संघ कोसळला होता, अरब राष्ट्रे स्वतःच माद्रिदच्या परिषदेत इस्रायलसमोर बसली होती, भारताला नवी बाजारपेठ आणि नवी शस्त्रे हवी होती. या निर्णयाच्या कारणांत बेने इस्रायल कोठेही नाहीत, हे लक्षात घ्यावे. पण निर्णय झाल्याबरोबर ते अचानक दोन्ही सरकारांच्या भाषणांत दिसू लागले. 'दोन देशांना जोडणारा पूल' हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला. चाळीस वर्षे हा पूल उभाच होता. त्यावरून जायला सरकारांना वेळ झाला नव्हता, इतकेच. नातेवाइकांची पत्रे, लग्नपत्रिका, लोणच्याच्या बरण्या त्यावरून आधीपासूनच ये-जा करीत होत्या.

भाषेची गोष्ट मला विशेष जवळची वाटते. आमच्या घरी अव्वा आणि अप्पा कानडी बोलतात. मी शाळेत मराठी शिकले आणि आता मराठीतच लिहिते. आमचा अक्कलकोट तालुका १९६७ च्या महाजन आयोगाने कर्नाटकाला देऊ केला होता. ती शिफारस अमलात आली नाही, म्हणून आम्ही महाराष्ट्राचे. रेषा कागदावर सरकते, घरातली भाषा चुलीजवळच राहते. इस्रायलमधील मराठीचेही असेच झाले. पहिल्या पिढीने ती घरात जपली, दुसऱ्या पिढीला समजते पण बोलायला हिब्रू सोपी वाटते, आणि तिसऱ्या पिढीकडे काही गाणी आणि पदार्थांची नावे उरली. तरीही तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक अनेक वर्षे निघत आले. १९९६ साली जागतिक मराठी परिषद इस्रायलमध्ये भरली. तेथे १ मे रोजी महाराष्ट्र दिन साजरा होतो. आता गंमत पाहा : महाराष्ट्र राज्य झाले १ मे १९६० रोजी. जी कुटुंबे १९५० च्या आसपास गेली, ती मुंबई राज्यातून गेली. ज्या राज्यात ती एक दिवसही राहिली नाहीत, त्याचा स्थापना दिन ती दूरदेशी आठवणीने पाळतात. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात या गोष्टीला एखादी ओळ मिळायला हरकत नाही.

कायद्याच्या बाजूने भारताने पुढे थोडे दार उघडले. २००५ पासून 'भारताचे परदेशस्थ नागरिक' अशी नोंदणी मिळू लागली. नाव नागरिकाचे असले तरी हे नागरिकत्व नव्हे. असा कार्डधारक येऊन-जाऊन राहू शकतो, व्यवसाय करू शकतो; पण त्याला मत नाही, निवडणूक लढविता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. बेने इस्रायलांपुढे यात आणखी एक अडचण आली. परकीय सैन्यात काम केलेल्याला हे कार्ड मिळण्यास अडसर होता, आणि इस्रायलमध्ये तर तरुण मुलामुलींना लष्करी सेवा सक्तीची. म्हणजे नव्या देशाचे कर्तव्य केले की जुन्या देशाचा दाखला अडतो. जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी इस्रायलला गेले. भारताच्या पंतप्रधानांची ती पहिलीच भेट. तेल अवीवच्या सभेत त्यांनी सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांनाही हे कार्ड देण्याचे जाहीर केले, तेव्हा टाळ्यांचा गजर झाला. भारतीय वंशाच्या ज्यूंची तेथील संख्या ८५,००० च्या आसपास सांगितली जाते. इकडे महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला तो २०१६ साली. बहुतेक लोक निघून गेल्यानंतर.

आमचा अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पुण्यात बांधकामावर सेंट्रिंगचे काम करतो. मत दुधनीत, रेशनकार्ड दुधनीत, आणि माणूस वर्षातून दहा महिने पुण्यात. निवडणूक आली की त्याच्यासारख्यांना आणायला गाड्या येतात. निकाल लागला की परत जाण्याचे भाडे ज्याचे त्याने पाहायचे. त्याची दखल पुण्यात घेतली जात नाही, कारण तो तेथला मतदार नाही. दुधनीत घेतली जात नाही, कारण तो येथे असत नाही. एका राज्याच्या आतच स्थलांतरिताची ही अवस्था, तर समुद्रापलीकडे गेलेल्याची काय कथा! हा विषय मी निवडला त्यामागे हे घरचे कारणही आहे, ते लपवून ठेवत नाही.

आणि आता त्याच इस्रायलकडे भारतातून दुसरीच वाट सुरू झाली आहे. मे २०२३ मध्ये दोन्ही सरकारांत ४२,००० भारतीय कामगार तेथे पाठविण्याचा करार झाला. त्यांतील ३४,००० बांधकामासाठी आणि उरलेले शुश्रूषेसाठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले, पॅलेस्टिनी मजुरांना कामावर येणे बंद झाले आणि त्यांच्या जागी माणसे हवी झाली. जानेवारी २०२४ मध्ये रोहतक आणि लखनौ येथे सेंट्रिंग करणारे, सळई बांधणारे, फरशी बसविणारे आणि गिलावा करणारे कारागीर यांच्या चाचण्या झाल्या. हजारो तरुण रांगेत उभे राहिले. युद्ध चालू असलेल्या देशात जायला. पगार महिना लाखाच्या पुढे असल्याचे ऐकून अण्णानेही फोनवर चौकशी केली होती. अव्वाने त्याला काय उत्तर दिले ते येथे छापण्यासारखे नाही.

या कामगारांना परतीचा कायदा लागू नाही. कंत्राट संपले की त्यांनी माघारी यायचे. १९५० च्या बेने इस्रायलाला नवा देश मिळाला पण जुना सुटला. या कामगाराचा जुना देश सुटत नाही आणि नवा मिळत नाही. त्याच्या पाठीशी मात्र आज तेल अवीवमध्ये भारताचा राजदूत आहे, सरकारांचा करार आहे, म्हणजे १९५१ साली जे नव्हते ते सर्व आहे. तो भारताचाच नागरिक राहतो. २०१० च्या दुरुस्तीमुळे परदेशात असलेल्या अशा नागरिकाचे नाव त्याच्या गावच्या मतदारयादीत राहू शकते. मत देण्यासाठी मात्र त्याला स्वतः आपल्या गावच्या केंद्रावर हजर राहावे लागते. आणि तेथून आणायला कोणाची गाडी जात नाही.